पान एकशे सतरावरची डेल्फा

डेल्फा होस्टेटरला नवऱ्याशी झालेलं भांडण मिटवायचं असलं की ती टेबलावर बोटाने तीन ठिपके काढायची. हात पिठाचे असले तर ठिपके दिसायचे, नसले तर दिसायचे नाहीत. पण मर्लला ते कळायचे. तो वर्तमानपत्र खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "बरं बाई, राहिलं."

लग्नाआधी ती झेन्सव्हिलच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला होती. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, राहू दे. छापखान्यातली ही खूण तिने घरात आणली आणि ती कशालाही लागू होऊ लागली. मर्लने जुनी टोपी फेकायला काढली तर दुसऱ्या दिवशी टोपी पुन्हा खुंटीवर असायची, आतल्या पट्टीवर पेन्सिलीचे ठिपके. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मर्ल स्वयंपाकघरात बराच वेळ नुसता उभा होता. डेल्फाने पोळपाटावर सांडलेल्या पिठात ठिपके काढले. त्या विषयावर मग त्या घरात बोलणं झालं नाही.

मर्ल गोष्टी लिहायचा. मंदीच्या काळात फरशांच्या कारखान्यातली त्याची भट्टी बंद पडली, तेव्हा दुसरं काही जमत नव्हतं म्हणून त्याने लिहून पाहिलं आणि ते खपलं. लगद्याच्या खरबरीत कागदावर छापलेली ती मासिकं, वाचताना बोटं पिवळी करणारी, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि किंचाळणारी बाई. शब्दामागे पैसे मिळायचे, त्यामुळे मर्लच्या गोष्टीतली माणसं फार कॉफी प्यायची. कोणी कोणाला काही विचारलं की उत्तर देण्याआधी सिगारेट पेटवायची, काडी विझवायची, काडी कुठे टाकावी हे बघायची. डेल्फा त्याला 'भरती' म्हणायची. गोष्ट लांबवायला घातलेली माती.

"ह्या पानावर तीन कप कॉफी झाली," ती चष्म्यावरून बघत म्हणायची. "ह्या हवालदाराला आता बाथरूमला जाऊ दे."

"जाऊ दे की. त्याचेही दहा शब्द होतील."

तो दोन बोटांनी, धडाधड, चुका करत टाइप करायचा. ती सगळं पुन्हा स्वच्छ टाइप करायची आणि करता करता दुरुस्त करायची. मर्लच्या पहिल्या खर्ड्यात मेलेला माणूस दोन पानांनी दारात उभा राहून सोडा मागायचा. डावखुरा खुनी उजव्या हाताने गोळी झाडायचा. डेल्फाच्या हाताखालून गेलेल्या गोष्टीत असं कधी राहिलं नाही. त्याने इतकी वर्षं इतक्या नावांनी लिहिलं, कधी रेक्स डोलन, कधी स्टीव्ह मॅरो, आणि एकाही संपादकाने त्याला चूक दाखवली नाही. चुका नसतात म्हणून त्याला काम मिळत राहिलं. हे त्याला ठाऊक होतं. त्याने ते तिला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तिलाही ठाऊक असणार असं तो धरून चालला होता.

तिचं एकच मागणं असायचं.

"मला गोष्टीत घाल ना एकदा."

"तुला? मग तुला मारावं लागेल. नाहीतर तू कोणाला तरी मारायला हवंस. माझ्या गोष्टीत तिसरं काम नसतं."

"मी कशाला मरू? आणि मारायचं तर घरातच माणूस आहे."

"तेच म्हणतोय."

"नुसती बाई असून चालत नाही का रे? घरात बसलेली. लोक तुझे जातात येतात, भांडतात, ती आपली तिथे आहे."

"अशा बाईला संपादक पहिल्याच पानावर काढून टाकतो, डेल्फा."

ती हसायची आणि कागद यंत्रात घालायची.

युद्धानंतर ती मासिकं एकेक करून बंद झाली. मर्ल बस डेपोत तिकीट खिडकीवर लागला. परगावचे लोक रस्ता विचारत, आणि तो सांगे की पुलाच्या मध्यापर्यंत जा आणि मग डावीकडे वळा. लोकांना वाटे म्हातारा थट्टा करतोय. पूल खरंच तसा होता, नदीत मध्यावर फाटा फुटलेला. पण मर्लच्या चेहऱ्यावरून थट्टा कुठे संपते ते कोणालाच कळत नसे.

डेपोच्या कोपऱ्यात तारांचं एक फिरतं स्टँड उभं राहिलं होतं. त्यात खिशात मावतील अशी पातळ पुस्तकं असायची. खुनाच्या कथा, मोठमोठी रंगीत चित्रं, किंमत पाव डॉलर. बसची वाट बघणारे लोक ते स्टँड फिरवत उभे राहायचे. मर्ल खिडकीतून बघायचा. मासिकांतल्या त्याच्या जुन्या सोबत्यांची नावं आता ह्या पुस्तकांवर दिसू लागली होती. मग एके दिवशी त्यानेही न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाला लिहिलं, आणि लोवेल नावाच्या संपादकाचं उत्तर आलं. जुन्या मासिकांतलं तुमचं काम मला आठवतं, पूर्ण पुस्तकाएवढी गोष्ट असेल तर पाठवा.

ते पत्र आलं त्या वसंतातच डेल्फाच्या पोटात गाठ असल्याचं निघालं.

डॉक्टरांनी मर्लला बाहेर बोलावून सांगितलं आणि तिला सांगू नका म्हणाले. तेव्हा तशीच रीत होती. मर्ल आत आला तेव्हा डेल्फा हातमोजे घालत होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "चल. ओपलला फोन करायला हवा, तिच्याकडे ॲपल-पाय भाजायचं भांडं राहिलंय माझं." ओपल तिची बहीण. बसमध्ये बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ह्या वेळी मला घालायचं हं, मर्ल."

तो बरं म्हणाला.

त्या उन्हाळ्यात त्याने पुस्तक लिहिलं. नदीकाठचं एक घर, खोल्या भाड्याने दिलेल्या. वरच्या मजल्यावर एक फिरता विक्रेता मरून पडतो, आणि घरातला प्रत्येकजण खोटं बोलतो. विमा कंपनीचा एक थकलेला माणूस चौकशीला येतो. आणि स्वयंपाकघरात डेल्फा असते. नाव तेच. मर्लने आजवर खऱ्या माणसाचं नाव कधी वापरलं नव्हतं. ही डेल्फा कोणाला मारत नव्हती, मरत नव्हती, कशाची साक्षीदार नव्हती. ती भाडेकरूंना जेवू घालायची, त्यांच्या टोप्या खुंटीवर लावायची आणि रात्री तो विमावाला खाली येऊन बसला की त्याच्याशी हवेबद्दल, पुराबद्दल, मेलेल्या भावाबद्दल बोलायची. विमावाला तिथे बसला की त्याचे खांदे सैल पडायचे. मर्लने इतकं सावकाश कधी काही लिहिलं नव्हतं. त्यात भरती नव्हती. निदान त्याला तसं वाटलं.

निम्मं पुस्तक तिने टाइप केलं. मग बसवेना. पुढचं तिने बैठकीच्या खोलीत खिडकीशी हलवलेल्या पलंगावर पडून वाचलं, निळी पेन्सिल घेऊन.

"हिच्या हातचे नूडल्स फार पातळ केलेस तू."

"तुझे पातळच असतात."

"माझे? ओपलचे पातळ असतात. बदल ते." थोड्या वेळाने म्हणाली, "ही बाई बरी आहे रे. मला आवडली असती ही."

पुस्तक पसंत पडलं. ह्या वेळी आपलंच नाव द्यायचं, असा डेल्फाने हट्ट धरला आणि लोवेलने तो मान्य केला. त्या आठवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती. चर्चमधल्या बायका भांडी झाकून घेऊन यायच्या आणि ती म्हणायची, "मी पुस्तकात आहे, कळलं का? खुनाच्या."

ओपल म्हणाली, "तूच मेलीस की काय त्यात?"

ओपल स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभी. डेल्फा इतकी हसली की तिला उचकी लागली. "नाही गं. त्यात नाही."

लोवेलचा फोन डेपोत आला. मर्लने तिकीट खिडकीवर पाटी लावली आणि मागच्या खोलीत जाऊन ऐकलं. पुस्तक लांब झालंय. पानं ठरलेली असतात, कागद मोजून येतो, त्यापुढे एक पान जात नाही. जवळजवळ पाचवा भाग कमी करायला हवा. आम्ही इथे कापू शकतो, पण तुम्ही जुने आहात, तुम्ही स्वच्छ कापाल.

"काय काढावं असं वाटतं तुम्हाला?" मर्लने विचारलं.

"तुम्हाला दिसेलच ते. ती स्वयंपाकघरातली बाई. छान आहे ती, मला स्वतःला आवडली. पण तिच्यावर काही टांगलेलं नाही, होस्टेटर. तिला उचललं तर भिंत पडत नाही."

मर्लने आधी दुसरं सगळं करून पाहिलं. दुपारच्या बसगाड्यांच्या मधल्या वेळेत तो डेपोच्या मागच्या खोलीत कागद पसरून बसायचा. विक्रेत्याची बायको काढावी तर इच्छापत्र लटकत राहत होतं. दुसरा संशयित काढावा तर पहिला लगेच पकडला जात होता. पुराचं प्रकरण काढावं तर पिस्तूल सापडत नव्हतं. आयुष्यभर तो असं लिहायला शिकला होता की एकही वस्तू खिळ्याशिवाय राहू नये. एकच बाई त्याने खिळ्याशिवाय ठेवली होती. ती मरणार नाही आणि मारणार नाही, हे तिचंच मागणं होतं, आणि त्यानेच ते पुरं केलं होतं.

पुस्तक परत मागवून घ्यावं असंही त्याच्या मनात आलं. मग काय? दुसरा प्रकाशक शोधेपर्यंत वर्ष गेलं असतं. डेल्फाकडे वर्ष नव्हतं. तिला पुस्तक हातात हवं होतं. पुस्तक तिच्यासकट मिळणार नव्हतं, आणि तिच्याशिवायच वेळेत मिळणार होतं.

त्याने कात्री घेतली. डेल्फाची पानं काढली, अर्ध्या पानांतून तिचे परिच्छेद कापले, उरलेले तुकडे डिंकाने जोडले. ज्या पानांवर तिचं नाव असल्याचं त्याला आठवत होतं ती सगळी तो पुन्हा पुन्हा बघत होता. एक दिवस खिडकीवर कोणी टकटक केली, त्याने मान वर केली तर बाहेर रांग लागली होती आणि त्याच्या बाहीला डिंक लागला होता. कापलेले तुकडे त्याने खोक्यात घालून डेपोच्या माळ्यावर ठेवले. पुढे माळा साफ झाला तेव्हा ते गेले. घरी त्याने काही सांगितलं नाही. नव्याने जुळवलेली प्रत डेल्फाने वाचली नाही. तिच्या नजरेखालून न जाता त्याच्या हातून गेलेलं ते पहिलं लिखाण.

हिवाळा सरत असताना पुस्तकं आली. तपकिरी कागदाचं पुडकं. मर्लने दिलेलं नाव जाऊन त्यावर 'लाल नखं' असं नाव आलं होतं, आणि मुखपृष्ठावर एक सोनेरी केसांची बाई आतल्या कपड्यांत पलंगावर आडवी पडलेली होती. पुस्तकात अशी बाई नव्हती आणि नखांचा कुठे उल्लेख नव्हता. मर्लने पुडकं कोट ठेवायच्या कपाटात ठेवलं. ओपलने ते तिथून काढून डेल्फाच्या मांडीवर आणून दिलं.

"ही तू का गं?" ओपल चित्राकडे बघत म्हणाली. "बारीक झालीस म्हणून, नाहीतर अगदी तूच."

"मर्ल, मला असं कधी बघितलंस रे तू?"

मर्ल हसला. मग म्हणाला, "लगेच वाचायला नको. अक्षर फार बारीक आहे. डोळ्यांना त्रास होईल."

डेल्फाने त्याच्याकडे बघितलं. दवाखान्यात हातमोजे घालताना बघितलं होतं तसंच.

"ओपल," ती म्हणाली, "माझी पेन्सिल दे."

तिने ते दोन दिवस वाचलं. औषधाने झोप लागायची, जाग आली की पुढे वाचायची. मर्ल कामावरून यायचा, कोट न काढता दारात उभा राहायचा, ती पान उलटायची. पेन्सिल तिच्या हातात होती. पहिल्या दिवशी झोपताना त्याने सांगायचा प्रयत्न केला.

"डेल्फा, त्या लोकांनी..."

"वाचते आहे मी. मधे बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पुस्तक तिच्या पोटावर उपडं होतं. ओपल स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होती, त्याचा आवाज येत होता. मर्ल पलंगाच्या कडेला बसला.

"किती पानं कापायला सांगितली?" डेल्फाने विचारलं.

त्याने सांगितलं. माझी बाई कुठे गेली हे तिने विचारलं नव्हतं, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

"आणि दुसरं काही निघत नव्हतं."

"निघत नव्हतं. मी सगळं करून बघितलं, डेल्फा. देवाशपथ. विक्रेत्याची बायको काढून बघितली..."

"तिला काढली तर इच्छापत्र लटकतं."

"हो."

"मग बरोबर केलंस." ती म्हणाली. "मी लोकांना सांगून बसले रे. त्या चर्चच्या बायका सगळ्या विकत घेतील आता. शोधत बसतील."

मर्लचे हात मांडीवर होते, बोटांच्या पेरांत अजून तिकिटांची शाई. मग डेल्फाने पुस्तक उचललं आणि दुमडलेल्या पानावर उघडलं.

"हे बघ."

पान एकशे सतरा. विमावाला बैठकीच्या खोलीत घरमालकाला प्रश्न विचारतो आहे. मोठा प्रवेश, पुस्तकातला सगळ्यात घट्ट. त्याच्या मधोमध एक वाक्य होतं: डेल्फाने कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

मर्लने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आधीच्या कुठल्याच पानावर डेल्फा नव्हती, नंतरच्याही नव्हती. कोण ही, कुठून आली, खिडकी का लावली, काही नाही. अशी चूक त्याच्या नावावर आजवर छापली गेली नव्हती.

"स्वयंपाकघरातली पानं तू नीट काढलीस," डेल्फा म्हणाली. "पण इथे मी येईन हे तुला आठवलंच नसणार. इथे माझं काही काम नाही. बोलणं लांबलं, तुझ्या हाताने सवयीने कॉफी आणवली. ही भरती आहे, मर्ल. जुनी भरती."

"माझ्याकडून राहिलं," तो म्हणाला. "तू बघितलं असतंस तर राहिलं नसतं."

"मी बघितलं असतं तर मीच काढलं असतं." ती हसली आणि हसताना तिला दुखलं. "खिडकी तरी लावली मी. वारं येत असणार तिथे."

तिने पेन्सिल घेतली. पुस्तकात तिने बाकी चुका काढलेल्या होत्या. समासात तिच्या बारीक निळ्या खुणा सगळीकडे होत्या, कुठे निसटलेलं अक्षर, कुठे दोनदा आलेला शब्द. ह्या ओळीला तिने अजून हात लावला नव्हता. मर्लला वाटलं ती आता खोडणार. तिने डेल्फा ह्या शब्दाखाली ठिपके दिले. पेन्सिल घसरली आणि तीनाचे चार झाले. समासात लिहिलं, राहू दे.

मग तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि ओपलला हाक मारून म्हणाली की बटाट्यात ह्या वेळी लोणी घाल, आता कशाला हात आखडतेस.

ती गेली तेव्हा नदीवरचा बर्फ सुटला होता. चर्चमधल्या बायकांनी पुस्तक घेतलं होतं. त्यांतल्या एकीने दफनानंतर मर्लचा हात धरून सांगितलं, "तिने खिडकी लावली ते वाचलं मी. अगदी तिच्यासारखं. तिला वाऱ्याचा त्रास व्हायचा." मर्लने मान हलवली.

पुस्तक बरं खपलं. पुढच्या शरद ऋतूत लोवेलने लिहिलं की दुसरी आवृत्ती निघते आहे, अभिनंदन. एक गंमत, एका वाचकाने विचारलंय की एकशे सतरा पानावरची डेल्फा कोण. कापताना तुमच्या नजरेतून सुटली वाटतं. काळजी करू नका, इथे दुरुस्त करून घेतलं आहे.

मर्लने त्याच दुपारी तार केली. ओळ राहू दे. एवढंच. पण लोवेलचं पत्र हाती आलं तेव्हाच आवृत्ती छापून झालेली होती. डेपोच्या स्टँडवर ती आली त्या दिवशी मर्लने खिडकीवर पाटी लावली, तारांचं स्टँड फिरवलं आणि पान उघडलं.

कोणीतरी कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

त्यात चूक काही नव्हती. वाचणाऱ्याला ते खटकलं नसतं. लोवेल आपलं काम जाणणारा माणूस होता आणि त्याने ते नीट केलं होतं. मर्ल ती ओळ बघत उभा राहिला. मागे कोलंबसची बस लागल्याची घंटा झाली. कोणीतरी. त्याने खिशातून पेन्सिल काढली. तो शब्द त्याने एका रेघेने खोडला, वर 'डेल्फाने' असं लिहिलं, आणि पुस्तक जागेवर ठेवलं. मग दुसरं उचललं.

त्यानंतर झेन्सव्हिलच्या डेपोत ते पुस्तक घेणाऱ्याला ती दुरुस्ती मिळायची. मर्लला सुट्टीच्या दिवशी गाड्यांतून फुकट जाता यायचं. तो जवळच्याच न्यूअर्कला जायचा, केंब्रिजला जायचा, कधी व्हीलिंगपर्यंत. डेपोत उतरायचा, स्टँड शोधायचा, उभ्या उभ्या दुरुस्ती करायचा आणि परतीची गाडी पकडायचा. ड्रायव्हर लोक त्याला ओळखायचे. बायको गेल्यापासून म्हातारा भटकतो, असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. व्हीलिंगच्या डेपोत दुकानावरच्या बाईने त्याला पकडलं.

"अहो, पुस्तकं घाण काय करताय? विकत घ्यायचं तर घ्या."

"चूक आहे त्यात. ती काढतोय."

"तुम्ही कोण चुका काढणारे?"

मर्लने मुखपृष्ठावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. बाईने नाव वाचलं, त्याच्या झिजलेल्या कोटाकडे बघितलं.

"हो का? आणि मी ही पलंगावरची," ती म्हणाली. "ठेवा ते खाली."

त्याने ठेवलं. तोपर्यंत दुरुस्ती झाली होती.

असाच तो एकदा न्यूअर्कहून परतत होता. पाऊस पडून गेला होता, गाडी अर्धी रिकामी होती. वाटेत पलीकडच्या बाकावर एक माणूस बसला, कुंभारकामाच्या कारखान्यातला असणार, भुवयांपर्यंत पांढरी धूळ, मांडीवर जेवणाचा डबा. त्याने आतल्या खिशातून 'लाल नखं' काढलं. बोट ओलं करून पानं उलटत तो वाचू लागला. मागच्या मुखपृष्ठाचा मोडलेला कोपरा बघून मर्लला कळलं की प्रत झेन्सव्हिलच्या स्टँडवरची आहे. ती त्याने आठवड्याभरापूर्वी हाताळली होती.

मर्ल समोर बघत राहिला आणि डोळ्याच्या कडेने बघत राहिला. बरीच पानं गेली. मग तो माणूस थांबला. पान डोळ्यांजवळ नेलं. मागे उलटलं, आणखी मागे. पुस्तकाच्या सुरुवातीला पात्रांची यादी छापलेली असायची, तिथे जाऊन त्याने वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"काय हो," तो मर्लला म्हणाला, "तुम्ही वाचलंय का हे?"

"वाचलंय."

"ह्यात डेल्फा कोण? कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय. वर यादीत तर नाही."

"घरातलीच आहे."

"मरते का ती पुढे?"

"नाही."

"मग तिनेच मारलं असणार." तो खूश झाला. "बघा, अशी गुपचूप येणारी बाई. कप ठेवते आणि खिडकी लावते. खिडकी का लावली? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून! कोणीतरी आधी वाचलंय आणि मला खूण करून ठेवलीय. बरोबर ना?"

"तिने नाही मारलं," मर्ल म्हणाला. "तिला वाऱ्याचा त्रास व्हायचा."

"तुम्ही काय सांगणार. शेवट फोडायचा नाही म्हणून बोलताय." त्याने पानाचा कोपरा दुमडला. "लक्ष ठेवतो मी तिच्यावर. परत येऊ दे फक्त."

ती परत येत नाही, असं मर्लच्या ओठांवर आलं होतं. गाडी पुलाच्या मध्यावर येऊन वळली. तो माणूस पुन्हा वाचू लागला होता, बोट ओलं करून, आणि दर पानावर तो आधी वरपासून खालपर्यंत नजर फिरवत होता, ती आली आहे का बघत. मर्लने खिडकी ओढून लावली आणि डेपो येईपर्यंत त्याला शोधू दिलं.